दोन यंत्रांचा एओडी जुळत नाही? आधी घड्याळ बघा

डिसेंबरातली सकाळ, पुण्यातली गच्ची, हातात मायक्रोटॉप्स (सूर्याकडे रोखून प्रकाश मोजायचं छोटं यंत्र). नऊ वाजता रीडिंग घेतलं तर ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात एओडी (हवेतले तरंगते कण, म्हणजे एरोसॉल, वाटेत किती प्रकाश अडवतात त्याचं माप) ०.८१ आणि मी एकदम खूश, म्हटलं काय धुरकं पकडलंय आज. साडेअकराला परत घेतलं तर ०.०३. बाराच्या सुमारास तर चक्क उणे. आता अडीच-तीन तासांत पुण्याची हवा धुऊन वाळत घातल्यासारखी होते का? समोरची टेकडी तर सकाळी दिसत होती तेवढीच अंधुक दिसत होती.

चूक हवेत नव्हती, माझ्या बोटांत होती. यंत्राला वेळ यूटीसीमध्ये (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) द्यायची असते, मी आपली भारतीय वेळ टाकून मोकळा. म्हणजे सकाळी नऊला यंत्र समजत होतं की दुपारचे अडीच वाजलेत, सूर्य बराच वर आहे, एअर मास (किरणं किती हवेतून येतात त्याचा आकडा) १.६. खरा होता २.३५ च्या आसपास. खरा एओडी ०.५ असेल तर या एका घोळात तो ०.८१ होतो, आणि बाराला यंत्राच्या मते सूर्य मावळतीला टेकलेला, त्यामुळे हिशोब उणेत. हे सांगायचं कारण असं की जमिनीवरून एरोसॉल मोजायच्या पद्धतींची तुलना करायला बसलेली बहुतेक मंडळी (एमएस्सी प्रोजेक्टवाली पोरं तर हमखास) दोन यंत्रांचे आकडे जुळले नाहीत की लगेच हवेबद्दल थिअरी मांडायला लागतात, सुतावरून स्वर्ग. दहातल्या आठ वेळा फरक हवेत नसतोच, तुम्ही काय कशाशी ताडून बघताय त्यात असतो. तर ते कसं करायचं ते लिहितो, जमेल तसं.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की मला नक्की काय हवंय. जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंत सगळा मिळून एरोसॉल किती, हे हवं असेल तर सन फोटोमीटर किंवा स्काय रेडिओमीटर. कुठल्या उंचीला किती, हे हवं असेल तर लायडार, नाहीतर गरिबाचा लायडार म्हणजे सिलोमीटर. आणि नाकाशी किती, म्हणजे पीएम २.५, हे हवं असेल तर रिमोट सेन्सिंगच्या नादी लागू नका, फिल्टर लावा किंवा जमिनीवरचा मॉनिटर बघा. या तिसऱ्या प्रश्नावर परत येतो कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात.

सन फोटोमीटरचं तत्त्व शाळकरी आहे. सूर्याकडे एक नळी रोखायची, ठराविक रंगाचा प्रकाश किती पोचला ते मोजायचं, जो पोचला नाही तो वाटेत कोणी खाल्ला किंवा विखुरला याचा हिशोब मांडायचा. एक उदाहरण हातानेच करून बघा. समजा कॅलिब्रेशन सांगतंय की वातावरणच नसतं तर यंत्राने १००० दाखवले असते, तुम्हाला मिळाले ३००, आणि एअर मास १.५ (सूर्य डोक्यावर असताना १, जितका तिरका तितका जास्त). १००० भागिले ३००, त्याचा नॅचरल लॉग १.२, भागिले १.५ म्हणजे ०.८०. यातून हवेच्या रेणूंनी विखुरलेला भाग काढा, ५०० नॅनोमीटरला पुण्याच्या उंचीवर तो साधारण ०.१४. ओझोनचा ०.०१ च्या आसपास काढा. राहिला ०.६५, हा तुमचा एओडी. बस एवढंच. सगळी मेख त्या १००० मध्ये आहे, कारण तो आकडा कोणी बघितलेला नाही, तो काढावा लागतो.

तो काढायची जुनी रीत म्हणजे लँग्ली. सकाळभर सूर्य वर चढताना रीडिंग घेत राहायचं, सिग्नलचा लॉग आणि एअर मास यांचा आलेख काढायचा, सरळ रेष आली तर ती एअर मास शून्यापर्यंत मागे ओढायची. अट एकच, तेवढा वेळ हवा अजिबात बदलता कामा नये. आपल्या शहरांमध्ये सकाळी सात ते दहा हवा बदलत नाही असं म्हणणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर शांतता आहे असं म्हणणं. म्हणून एरोनेटवाले आपली मास्टर यंत्रं हवाईतल्या मौना लोआच्या डोंगरावर नेऊन लँग्ली करतात आणि बाकीची फील्डमधली यंत्रं त्या मास्टरशेजारी उभी करून जुळवतात, साधारण वर्षातून एकदा. एरोनेट हे नासा आणि फ्रान्सच्या फोटॉन्स यांनी उभं केलेलं जाळं, यंत्र फ्रेंच कंपनी सिमेलचं. कानपूरला ते २००१ पासून आहे, पुण्यात आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था) २००४ पासून. त्यांचा एओडी दृश्य प्रकाशात अधिक-उणे ०.०१ पर्यंत भरवशाचा मानतात, अल्ट्राव्हायोलेटला ०.०२. तुमच्या हातातल्या कुठल्याही यंत्रासाठी ही पट्टी समजा. डेटा फुकट आहे, फक्त लेव्हल बघून घ्या: १.० कच्चा, १.५ मध्ये ढग आपोआप गाळलेले, २.० म्हणजे नंतरचं कॅलिब्रेशन लावून पक्का केलेला. तुलनेला २.० च घ्या. आणि फाइलमध्ये जिथे उणे ९९९ दिसेल ती रिकामी नोंद आहे, ती सरासरीत घेऊ नका (हसू नका, घेतात लोक).

सिमेल नुसता सूर्याकडे बघत नाही, सूर्याच्या उंचीला आडवा गोल फिरून आकाशाची चमकही मोजतो. त्यातून कणांचा आकार आणि ते प्रकाश किती शोषतात हे काढता येतं. पण शोषणाचा भरवशाचा आकडा तेव्हाच जेव्हा ४४० नॅनोमीटरला एओडी ०.४ च्या वर असेल आणि सूर्य बऱ्यापैकी तिरका असेल. स्वच्छ दिवशीचा आकडा घेऊन काळ्या कार्बनवर निबंध लिहू नका. जपानकडून आलेलं स्कायनेटचं जाळं प्रीडे कंपनीचा स्काय रेडिओमीटर वापरतं, काम साधारण तेच, पण त्यांचं कॅलिब्रेशन जागच्या जागी होतं, आकाशाच्या चमकीचाच वापर करून सुधारलेली लँग्ली करतात. यंत्र डोंगरावर पाठवायची कटकट नाही ही मोठी सोय, मात्र एरोनेटशी तुलना करताना लक्षात ठेवा की दोघांचे पाये वेगळे आहेत.

मायक्रोटॉप्स हातातला, पाच चॅनलचा, जहाजांवर सुद्धा हाच नेतात. वापरायची रीत नीट पाळा. झाकण बंद ठेवून चालू करायचा, कारण तेव्हा तो अंधाराचा शून्य पकडतो, झाकण उघडं ठेवून चालू केलात तर पुढचं सगळं बाद. मग झाकण उघडा, सूर्याचा ठिपका खिडकीतल्या खुणेवर आणा, कोपर कठड्याला टेकवा, श्वास धरा, बटण दाबा. तो भराभर बरीच रीडिंग घेतो आणि ज्यात सगळ्यात जास्त प्रकाश आला ती धरतो, कारण हात हलला की प्रकाश कमीच पडणार, जास्त कधी पडत नाही. म्हणूनच सलग पाच वेळा घ्या आणि सगळ्यात कमी एओडीवाल्याला मान द्या, सरासरी काढत बसू नका. चहाचा कप कठड्यावर ठेवून एका हाताने रीडिंग घेणारे मी पाहिलेत, त्यात मीही होतो.

फोटोमीटरचा खरा शत्रू म्हणजे पातळ सिरस ढग. जाड ढग यंत्राला कळतो, तुम्हालाही कळतो. सिरस मात्र दुपारी सूर्यासमोर मलमलसारखा येतो, रीडिंग शांतपणे ०.१ ने वाढतं आणि कोणाला पत्ता नाही. एरोनेट अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तीन रीडिंग घेऊन ती हलतात का बघतं, तरी एकसारखा पसरलेला सिरस निसटू शकतो. दोन उपाय. एक, प्रत्येक रीडिंगबरोबर मोबाइलवर आकाशाचा फोटो काढा, सूर्य अंगठ्याआड झाकून. दोन, अँगस्ट्रॉम एक्स्पोनंट बघा, म्हणजे तरंगलांबी वाढली की एओडी किती झपाट्याने उतरतो तो आकडा. समजा ४४० ला एओडी ०.६० आणि ८७० ला ०.२४, तर एक्स्पोनंट १.३ च्या वर येतो, म्हणजे बारीक कण, धूर, गाड्या, शेकोट्या. धूळ असेल तर हा ०.५ च्या खाली उतरतो. आणि धुळीची काही बातमी नसताना तो शून्याकडे घसरला तर तुम्ही बहुतेक ढग मोजताय. अजून एक गंमत, नळीत कोळी जाळं करतात. खरंच. एरोसॉल अचानक वाढला आणि सगळ्या चॅनलला वाढला तर आधी नळीत टॉर्च मारा.

आता लायडार. लेझरचा झटका वर सोडायचा, परत आलेला प्रकाश वेळेनुसार मोजायचा, वेळ म्हणजेच उंची. पुण्यात आयआयटीएमने ऐंशीच्या दशकातच आरगॉन लेझरचा लायडार चालवला होता, त्यामुळे हा विषय आपल्याकडे काही नवा नाही. चित्र फार सुंदर येतं, रंगीत, थर न थर दिसतो, आणि तिथेच फसगत होते, कारण लोक त्या रंगांना आकडे समजतात. साध्या लायडारमध्ये माप एक आणि अज्ञात गोष्टी दोन: कणांनी मागे किती परतवला, आणि येता-जाता वाटेत किती खाल्ला. एका समीकरणात दोन अज्ञात, म्हणून दोघांचं गुणोत्तर गृहीत धरावं लागतं, त्याला लायडार रेशो म्हणतात. समुद्री मिठाला तो साधारण २० ते ३०, धुळीला ४० ते ६०, धुराला ६० ते ८०. आता मुंबईच्या हवेत तिन्ही आहेत, तुम्ही काय धरणार? ३० धरला की ६०, यावर तुमचा एक्स्टिंक्शन (दर किलोमीटरला किती प्रकाश अडला तो आकडा) जवळपास दुप्पट-निमपट होतो.

यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे शेजारी फोटोमीटर ठेवणं. लायडारच्या थरांची बेरीज म्हणजे एओडी, तो फोटोमीटरच्या एओडीशी जुळेपर्यंत लायडार रेशो वरखाली करा. नासाचं एमपीएलनेट जाळं म्हणूनच आपले मायक्रोपल्स लायडार एरोनेटच्या शेजारी लावतं. पण मग एक लक्षात घ्या, असं जुळवल्यावर परत त्याच दोन यंत्रांच्या एओडीची तुलना करून बघा किती छान जुळतात असं म्हणू नका, ती तुलना नाही, तो आरसा आहे. मी एका सेमिनारमध्ये हे होताना बघितलंय, टाळ्याही पडल्या.

स्वतंत्र आकडा हवा असेल तर रामन लायडार. नायट्रोजनच्या रेणूंकडून रंग बदलून येणारा प्रकाश (३५५ सोडला तर ३८७ ला, ५३२ सोडला तर ६०७ ला) वेगळा मोजतो, नायट्रोजन किती आहे हे आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे लायडार रेशो धरावा लागत नाही, मोजता येतो. फक्त तो सिग्नल इतका क्षीण की कामाची वेळ मुख्यतः रात्र. आणि फोटोमीटर दिवसा! दोघांना जुळवायचं म्हणजे संध्याकाळी एक, सकाळी एक असं टोक पकडायचं, किंवा पौर्णिमेच्या आगेमागे चंद्रावर चालणारा नवा सिमेल वापरायचा.

लायडारमधली दुसरी खोट म्हणजे खालचा आंधळा पट्टा. लेझरचा झोत आणि दुर्बिणीची नजर काही शे मीटरनंतर पूर्ण एकमेकांत येतात, त्याखाली यंत्र अर्धवट बघतं. आणि आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी सगळी घाण तिथेच बसलेली. जमिनीलगत एक्स्टिंक्शन दर किलोमीटरला ०.३ आहे आणि खालचे ३०० मीटर दिसत नाहीत असं धरा, ०.०९ एओडी असाच गायब. तुलनेत हा भाग कसा भरला ते लिहा, नुसतं खालपर्यंत रेघ ओढून गप्प बसू नका.

लायडारची जी गोष्ट मला खरंच आवडते ती डीपोलरायझेशन. गोल थेंब प्रकाश जसा गेला तसा परत पाठवतात, धुळीचे वेडेवाकडे कण त्याचा पोत पिळून पाठवतात. सुक्या धुळीत हे गुणोत्तर ५३२ नॅनोमीटरला ०.३ च्या आसपास, ओल्या मिठात आणि ताज्या धुरात बरंच कमी. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईत गाड्यांवर पांढरट धूळ बसली होती, आठवतंय? वायव्येकडून आलेलं धुळीचं वादळ होतं ते. अशा दिवशी नुसता एओडी वाढला म्हणून काही कळत नाही, धूरही वाढला असेल. एक्स्पोनंट खाली आणि डीपोलरायझेशन वर, दोन्ही एकदम झालं की मग छातीठोक धूळ म्हणा.

सिलोमीटर विमानतळांवर ढगाची उंची मोजायला असतो, स्वस्त, चोवीस तास चालतो, डोळ्याला धोका नाही. मिक्सिंग लेयर, म्हणजे जमिनीलगतची घुसळली जाणारी हवा, किती उंच आहे हे त्यातून चांगलं कळतं. एक्स्टिंक्शनचे आकडे मात्र जपून, कारण बरेच मॉडेल ९१० नॅनोमीटरच्या आसपास चालतात आणि तिथे पाण्याची वाफ प्रकाश खाते, कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. १०६४ वाल्यांना हा त्रास नाही. मॅक्स-डोआस म्हणजे आकाशाकडे वेगवेगळ्या कोनांतून बघून ऑक्सिजनच्या जोडगोळीचं शोषण मोजायचं आणि त्यावरून खालच्या दोन-तीन किलोमीटरचा एरोसॉल काढायचा. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी लावलेलं यंत्र असेल तर हा बोनस समजा, फक्त एरोसॉलसाठी घेऊ नका.

प्रत्यक्ष तुलना करताना मी असं करतो. आधी वेळा, सगळ्या यूटीसीत (आता कळलं ना का), आणि पंधरा मिनिटांच्या आत पडणाऱ्याच जोड्या धरायच्या. मग रंग. फोटोमीटरचा ५०० चा एओडी ०.५० आणि एक्स्पोनंट १.३ असेल तर तीच हवा ५३२ ला ०.४६ आणि ९१० ला ०.२३ दाखवणार. म्हणजे सिलोमीटर निम्म्याहून कमी दाखवतोय म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी हे गणित करा. मग उंची, दोघं एकाच हवेचा खांब बघतायत का, की एक पाषाणात आणि दुसरा सिंहगडावर आहे? दोन्हीमध्ये सातशे-आठशे मीटरची हवा गायब होते आणि नेमकी तीच सगळ्यात घाण. मग ढग गाळा, दोन्हीकडून.

आणि पीएम २.५ शी एओडी लावायचा मोह. जानेवारीत सकाळी सातला सगळा धूर खालच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये कोंडलेला, मॉनिटर लाल. दुपारी तोच धूर दीड-दोन किलोमीटरपर्यंत पसरला, मॉनिटर हिरव्याकडे, एओडी मात्र जवळपास तेवढाच, कारण खांबातला एकूण माल तोच आहे. त्यात दमट दिवशी कण पाणी पिऊन फुगतात, एओडी वाढतो, पण मॉनिटर बहुतेक वेळा हवा तापवून, वाळवून मोजतो. म्हणून मिक्सिंग लेयरची उंची आणि आर्द्रता हाताशी नसेल तर हा संबंध जोडायला जाऊ नका, आला तरी तो योगायोग असेल. जून ते सप्टेंबर तर फोटोमीटर बहुतेक झाकूनच असतो, वर्षाची सरासरी म्हणून जे छापता ते आठ महिन्यांचं आहे हे लिहा.

शेवटचा आलेख मात्र नक्की काढा. एकाचा एओडी आडवा, दुसऱ्याचा उभा, आर-स्क्वेअर (दोघं किती सोबत हलतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९५, हा सगळे काढतात आणि त्यातून फारसं काही कळत नाही, कारण हवा रोज इतकी बदलते की बिघडलेली यंत्रंही सोबतच वरखाली होतात. त्याऐवजी दोघांतला फरक काढा आणि एअर माससमोर मांडा. कॅलिब्रेशन २ टक्के चुकलं असेल तर एअर मास १ ला फरक ०.०२ येतो आणि ४ ला फक्त ०.००५, म्हणजे फरक भरदुपारी सगळ्यात मोठा, सकाळ-संध्याकाळ आटलेला. जागतिक हवामान संघटनेची मर्यादाही याच आकाराची आहे: ०.००५ अधिक, ०.०१० भागिले एअर मास, आणि ९५ टक्के फरक त्याच्या आत पाहिजेत. फरक एओडीच्या प्रमाणात वाढत असेल तर रंगाचं गणित तपासा. वाट्टेल तसा विखुरलेला असेल तर ढग किंवा हात. आणि सकाळी एक बाजू, संध्याकाळी उलटी बाजू असेल तर घड्याळ, अगदी पाच मिनिटं पुढे असलं तरी हेच दिसतं, सकाळी एओडी जास्त आणि संध्याकाळी कमी.

मी आता गच्चीवर गेलो की मोबाइलच्या वेळेतून साडेपाच तास वजा करतो, यंत्राच्या स्क्रीनशी जुळवतो, आणि मगच झाकण उघडतो.